अकरावा रकाना

स्फॅक्स, ६ जानेवारी २०१९

दोरसाफ,

तुझा पत्ता अम्म हस्सूनाने दिला. युवाकेंद्राचा शिपाई, अजून तिथेच आहे आणि अजून तसाच ओरडतो. त्याच्याकडे तुझ्या सलूनचं कार्ड होतं. त्यावरचा फोन नंबर पेनाने खोडलेला होता, पत्ता शाबूत होता. म्हणून हे पत्र.

मी इश्राक. ऐन रमादच्या नाटकाच्या वर्गात दोन वर्षं तुझ्या शेजारी बूट काढून ठेवायचे, ती. आता स्फॅक्सला असते. वजनकाटे तपासायचं काम करते. तेलाच्या घाण्या, बंदर, औषधांची दुकानं. बरं चाललं आहे.

कामाचं आधी लिहिते. सी लमजद मार्चमध्ये नाटकाचा वर्ग सोडून निवृत्त होत आहेत. वरच्या हॉलची लाकडी जमीन उखडून फरशी घालणार आहेत, मग तिथे संगणकांचा वर्ग भरेल. त्याआधी, २३ मार्चला, शनिवारी सकाळी दहा वाजता, त्यांना आपल्या तुकडीकडून एकदा तो बिनशब्दांचा 'थवा' करून घ्यायचा आहे. आपण अकरा जण होतो. नऊ जण हो म्हणाले आहेत, माझ्यासकट. एक जण कॅनडातून येतो आहे, म्हणजे दहा. राहिलीस तू.

मी म्हटलं, "दहा जणांत करू." ते म्हणाले, "दहा जणांत होईल. पण मग तो दुसराच थवा." तुला पत्र मीच लिहावं असंही ते म्हणाले. कारण सांगितलं नाही.

मी जाऊन हॉल पाहून आले. रॉकेलची शेगडी त्याच कोपऱ्यात आहे. खिडकीपासून तिसरी फळी पाय पडला की अजून खाली जाते. आपण सगळे ती न बघता टाळायचो. मी परवा बारा वर्षांनी चालले आणि टाळली. पायाला आठवत होतं, मला नाही.

तू आलीस तर बरं होईल.

इश्राक

•

बाजा, १९ जानेवारी २०१९

इश्राक बाई,

पाकीट उघडलं तेव्हा वाटलं वीज मंडळाचं पत्र आहे, उद्या दहा ते पाच पुरवठा बंद म्हणून. "कामाचं आधी लिहिते"! बारा वर्षांनी कुणी असं लिहितं का गं? लग्न झालं का, मुलं किती, जाडी झालीस की तशीच सुतळी आहेस, काही नाही. फळी मात्र तिसरी!

माझं ऐक. लग्न केलं होतं, दीड वर्ष टिकलं, चांगला माणूस होता, पण घरात दोन वाक्यं बोलायचा आणि दोन्ही जेवणाबद्दल. आता मी नवऱ्या सजवते. उन्हाळ्यात शनिवारी चार-चार. सगळ्या रडतात, आणि रडल्या की डोळ्यांचं काम पुन्हा करायला लागतं. मी त्यांना सी लमजदचा उपाय सांगते: जिभेचं टोक टाळूला लावा, नाकातून श्वास घ्या. अर्ध्या रडायच्या थांबतात, उरलेल्या शिंकतात.

कार्डावरचा नंबर मीच खोडते. मला आवाज ज्याला द्यायचा त्यालाच देते.

ते संत्रं आठवतं? थंडीचे दिवस, शेगडीभोवती आपण गोल बसलेलो, आणि सी लमजदने ओंजळीत काही नाही ते धरून शुकरीच्या हातात ठेवलं. कुणी बोलायचं नाही. शुकरीने वास घेतला. पुढचीने सोललं. तुझ्याकडे आलं तेव्हा तू फोडी मोजल्यास! खरंच मोजल्यास, बोटाने, आणि मला बरोबर एक दिलीस. आणि तेवढ्यात अम्म हस्सूना वर आला, नाक वर करून म्हणाला, "संत्री खाताय होय? आणि सालं कोण उचलणार, तुमचा बाप?" आणि झाडू घेऊन झाडायला लागला. काही नव्हतं तिथे! आपण श्वास रोखून बघतोय, आणि तो कोपऱ्यात ढीग करून भरून घेऊन गेला. सी लमजद म्हणाले, "तुम्हा अकरांना दोन वर्षं शिकवतोय, आणि नट खाली चहा उकळतोय."

मला अजून संत्रं सोलताना ते आठवतं.

आता तुझ्या कामाचं. मी येणार नाही.

मला का काढलं हे तुला ठाऊक आहे, की तुम्हाला सगळ्यांना "दोरसाफ मावशीकडे गेली" एवढंच सांगितलं? तर ऐक. नोव्हेंबरातला तो सरकारी सोहळा झाला, त्यानंतर नवव्या दिवशी करड्या जॅकेटमधला एक माणूस कॅफेत बाबांच्या टेबलावर येऊन बसला. स्वतःच साखर घातली त्यांच्या कॉफीत. म्हणाला, "तुमची मुलगी इशारा देते आणि बाकीची पोरं थांबतात, असं कळलंय. हुशार आहे. असल्या मुली लवकर लग्न होऊन सुखी व्हाव्यात." बाबा टपाल खात्यात होते. आठ दिवसांत मी बाजाला, मावशीकडे. शाळा गेली, ट्यूनिसची नाट्यशाळा गेली. सी लमजदनी तिथला अर्ज आणून ठेवला होता, आठवतं?

"असं कळलंय." म्हणजे कुणीतरी सांगितलं. अकरांतलंच. मी एक-एक करून काढत गेले आणि शेवटी शुकरी उरला. त्याचा चुलता त्या जॅकेटवाल्यांच्या कचेरीत होता. बारा वर्षं मी त्याच्याशी बोललेली नाही. मागच्या वर्षी त्याची होणारी बायको माझ्याकडे आली, तर तिला सांगितलं तारीख नाही. तारीख होती.

त्याच्याबरोबर मी एका हॉलमध्ये चालणार? त्याच्यावर विसंबून?

दोरसाफ

•

स्फॅक्स, २ फेब्रुवारी २०१९

दोरसाफ,

पत्र मिळालं. लग्न झालं नाही. जाडी झाले नाही.

शुकरीने सांगितलं नाही. हे मला नक्की माहीत आहे.

त्या दिवसाबद्दल मला जे आठवतं ते लिहिते. तुझ्या आठवणीशी ताडून बघ.

नाटकाची संहिता आधी समितीकडे द्यावी लागायची आणि तिच्यावर शिक्का पडल्याशिवाय एक ओळ बोलता यायची नाही. पहिल्या वर्षी आपली संहिता सात महिने अडकली. तेव्हा सी लमजद म्हणाले, "गप्प राहायला शिक्का लागत नाही," आणि आपण बिनशब्दांचं काम सुरू केलं. आरसा, संत्रं, आंधळ्याची भिंत. मग थवा. जैतुनाच्या बागांवर हिवाळ्यात भोरड्या वळतात तसं. अकरा जणांनी हॉलभर चालायचं, मोकळी जागा दिसली की भरायची. कुणी खूण करायची नाही, आणि सगळ्यांनी एकदम थांबायचं. एकदम चालायला लागायचं. सुरुवातीला आपण एकमेकांवर आदळायचो. तिसऱ्या महिन्यात एकदा असे थांबलो की शेगडीचा आवाज ऐकू आला. सी लमजद खाली बसले. मग एकच नियम सांगितला: आधी कोण थांबलं हे कधी विचारायचं नाही आणि कधी सांगायचं नाही.

नोव्हेंबरच्या सोहळ्यात शाळेच्या मोठ्या सभागृहात आपल्याला वेगवेगळ्या रांगांत बसवलं होतं. पाहुणे बोलून थांबले की टाळ्या, आणि ते हात वर करेपर्यंत चालू ठेवायच्या. तिसऱ्या वेळी आपण अकरा जण थांबलो. एकदम. कुणी ठरवलं नव्हतं. अंगाला सवय लागली होती. आणि आपल्या आजूबाजूचे थांबले, मग त्यांच्या आजूबाजूचे, आणि सहाशे माणसांचं सभागृह बंद पडलं. पाहुण्यांचा हात वर यायचा होता, तो अर्ध्यावर राहिला.

मला तेव्हा भीती वाटली नाही. मला वाटलं, काम किती अचूक झालं.

शुकरी माझ्या उजवीकडे चार खुर्च्या सोडून होता. त्याचा चेहरा मी पाहिला. तो रडकुंडीला आला होता.

तू ये.

इश्राक

•

बाजा, ११ फेब्रुवारी २०१९

अस्सं!

शुकरीची वकिली! "त्याचा चेहरा मी पाहिला." मला तेव्हाच संशय होता. तू सरावात सारखी त्याच्याकडे बघायचीस, मग मान खाली घालायचीस. मी एकदा तुला कोपर मारलं होतं आणि तू म्हणालीस, "मी विचार करतेय." विचार! त्याच्या त्या कानांचा?

अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना. मी चिठ्ठी पोचवली असती. आता त्याचं लग्न झालंय, आणि मी त्याच्या बायकोला सजवलं नाही म्हणून ती आपल्या आत्याकडून भुवया करून घेऊन बसली, फोटो पाहिलेत मी, दोन कमानी, मध्ये पूल नाही.

पण प्रेमात माणूस आंधळं होतं, आणि तुझ्यासारखी मोजमापवाली तर जास्तच. "नक्की माहीत आहे." कशावरून? तू त्या कचेरीत होतीस का?

खरं सांगते, तुझी पत्रं यायला लागल्यापासून मी दुकान बंद केल्यावर थवा करते. एकटीच. खुर्च्यांमधून. थांबते आणि वाटतं, आता मागे कुणीतरी थांबलं. मग आरशात बघते तर मीच सात ठिकाणी.

मला यायचंय गं. त्याच्यामुळे नाही यायचं.

तू कशावरून सांगतेस ते लिही. पटलं तर बघू.

दोरसाफ

•

स्फॅक्स, १७ फेब्रुवारी २०१९

दोरसाफ,

कचेरीत नाही. पण त्या माणसासमोर मी बसले होते.

जे झालं ते क्रमाने लिहिते. मी शुकरीकडे बघायचे, कारण मी सगळ्यांकडे बघायचे. मोजत होते. चौकटीच्या कागदांची एक वही होती. दहा रकाने, प्रत्येकावर आद्याक्षर. सराव संपला की घरी जाऊन आठवून खुणा करायचे: या थांब्याला आधी कोण. सी लमजदनी विचारू नका, सांगू नका म्हटलं होतं. लिहू नका म्हटलं नव्हतं. मला वाटलं, मी नियम पाळते आहे.

पाच महिन्यांत २१४ थांबे झाले. त्यांतले १३१ तुझे. दुसऱ्या क्रमांकावर जो होता त्याचे २२.

ती वही मी तुलाच वर्षअखेरीस देणार होते. वाढदिवसाची भेट म्हणून. तू आमच्यापेक्षा किती वेगळी होतीस याचा पुरावा म्हणून. हे आता लिहिताना कसं वाटतं ते मला कळतं, पण तसंच होतं.

सोहळ्याच्या आदल्या आठवड्यात वही हॉलच्या खिडकीत विसरले. सोहळ्यानंतर चौथ्या दिवशी युवाकेंद्राच्या संचालकांच्या खोलीत बोलावलं. करड्या जॅकेटमधला माणूस होता. टेबलावर वही. त्याने मला खुर्ची दिली. त्याआधी मला त्या खोलीत कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "वही फार नीटनेटकी आहे. तुझी?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "गणितात चांगली असशील." मी म्हटलं, वर्गात पहिली. मग त्याने बोट ठेवलं आणि विचारलं, "हा 'द' म्हणजे कोण?"

मी सांगितलं.

मारलं नाही, धमकावलं नाही. मला प्रश्न विचारला गेला आणि त्याचं बरोबर उत्तर मला येत होतं, म्हणून मी दिलं. नाव आणि आडनाव. त्याने आडनाव विचारलं नव्हतं.

जिना उतरताना कळलं. परत वर गेले, दार ठोठावलं. कुणी उघडलं नाही. घरी येऊन जेवले.

मी सोळा वर्षांची होते हे मला माहीत आहे. ते या हिशोबात घ्यायचं की नाही हे तू ठरव, मी घेतलेलं नाही.

शुकरीला काही माहीत नव्हतं. आपल्यापैकी कुणालाच नव्हतं. सी लमजदना बहुधा आहे. त्यांनी मला कधी विचारलं नाही. पत्र तूच लिही, एवढंच म्हणाले.

पहिल्या पत्रात मी "तू आलीस तर बरं होईल" लिहिलं. ते अपुरं होतं. तुझ्याशिवाय मला त्या हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही, आणि तुझ्यासमोर ठेवायची हिंमत नाही. दोन्ही खरं आहे.

इश्राक

•

बाजा, १३ मार्च २०१९

इश्राक,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी एका बाईचे केस फार आखूड कापले. ती अजून बोलत नाही माझ्याशी.

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यात जास्त. तिसऱ्यात मी तुला विचारलं होतं, जेवलीस काय? काय होतं जेवायला? हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. अजून आहे.

मग मी जंदूबाला गेले. शुकरीचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे तिकडे. खजूर घातलेल्या वड्यांचं ताट घेऊन गेले, घरी तळलेल्या. तो ग्रीसने भरलेल्या हातांनी उठला आणि म्हणाला, "दोरसाफ? कोण गेलं?" त्याला वाटलं कुणी मेलं म्हणून मी आलेय. मी म्हटलं, "बारा वर्षं मी तुझ्याशी बोलत नव्हते, ते सांगायला आलेय." तो म्हणाला, "होय? मला वाटायचं मी सिगारेट ओढतो म्हणून."

बारा वर्षं! मी मनात त्याला फासावर चढवत होते आणि तो गोळ्या चघळत होता, वास जावा म्हणून.

मी त्याला सगळं सांगितलं. तुझं नावसुद्धा. सांगायला नको होतं का? असेल. पण पुढचं ऐक. मी म्हटलं, "२१४ पैकी १३१ वेळा तुम्ही माझ्यामागे थांबायचात." तो हसायला लागला. म्हणाला, "तुझ्यामागे? तुझ्याकडे बघून कोण थांबेल बये? तू तर प्रत्येक वेळी वेगळंच काहीतरी करायचीस. आम्ही इश्राकचा घोटा ऐकायचो."

आणि खरंच, मीसुद्धा तोच ऐकायचे.

तुला माहीत नाही ना? तुझा डावा घोटा वाजतो. टक. टक. टक. अनवाणी, लाकडावर, बाकी सगळं गप्प असताना. तू थांबणार असलीस की दोन पावलं आधी ती टक-टक मंदावायची. माझे कान तिखट, मी लगेच थांबायचे, तुझं पाऊल खाली टेकायच्या आत. तू मान वर करून बघायचीस तर दोरसाफ थांबलेली. झाली खूण वहीत. शुकरी म्हणतो सगळ्यांना ठाऊक होतं. पण आधी कोण ते बोलायचं नाही असा नियम, मग तुला कोण सांगणार?

तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. "दहा रकाने." अगं, आपण अकरा होतो! तू स्वतःचा रकानाच आखला नव्हतास.

आणि तो सोहळा. तू दुसऱ्या रांगेत होतीस. आम्ही सगळे तुझ्या बरोबरीने किंवा मागे, तुझे हात दिसतील असे. आठव.

म्हणजे त्यांना हवी होती ती तू. खुर्चीवर बसलेली, समोर, वर्गात पहिली. आणि त्यांनी तुझंच उत्तर घेऊन मला नेलं. मी हसले. जंदूबाच्या बसमध्ये एकटीच. मग रडले, जीभ टाळूला लावून. तो उपाय काही कामाचा नाही, नवऱ्यांना उगीच सांगत होते.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस. ते मी वेगळं ठेवलंय, ते कागदावर होत नाही.

२३ तारखेला चार वाजता एक नवरी आहे. बघते.

दोरसाफ

•

स्फॅक्स, १७ मार्च २०१९

दोरसाफ,

मसूर होते. मसुराचं सार आणि पाव. दोन वेळा वाढून घेतलं.

काटा तपासायचा तर पहिलं काम म्हणजे पारडी रिकामी ठेवून पाहायचं. काट्याला स्वतःचा पासंग असतो. तो आधी वजा केला नाही तर पुढची सगळी वजनं चुकतात, कितीही नीट लिहिली तरी. हे मी रोज लोकांना सांगते. त्यासाठी मला पगार मिळतो.

काल रात्रपाळीच्या मुलीला म्हटलं, जरा माझ्यामागून ये आणि ऐक. गोदामात चालले. ती म्हणाली, "ताई, हे तुम्हाला माहीत नव्हतं? आम्हाला तुम्ही येताय ते यावरूनच कळतं."

सोहळ्याचं आठवते आहे. अजून लागत नाही.

इश्राक

•

स्फॅक्स, २५ मार्च २०१९

दोरसाफ,

तू आलीस आणि चहा न घेता गेलीस. तुझी गाडी होती हे मला माहीत आहे. पण मी शेवटी जे बोलले ते तू दारात पोचल्यावर बोलले, आणि तुला सगळं ऐकू आलं की नाही हे मला कळलं नाही. म्हणून जसंच्या तसं लिहून पाठवते.

आपण चार वेळा थांबलो. पहिल्या तीन वेळी मी घोटा वाजू नये म्हणून पाय सपाट टाकत होते. कुणीच धड थांबलं नाही. शुकरी त्या कॅनडावाल्यावर आदळला. सी लमजद म्हणाले, "पोट सुटलंय सगळ्यांचं, कान तरी शाबूत ठेवा." तू माझ्याजवळून गेलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "नीट चाल की गं." बोलायचं नाही हा नियम तू मोडलास. अकरांमध्ये तूच पहिली. मला बरं वाटलं.

मग मी नीट चालले. आणि मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. हॉलमध्ये इतर काहीच नव्हतं. सगळे त्यावर चालत होते. मला वाटलं होतं की लाज वाटेल. वाटली, पण तेवढीच नाही. दोन वर्षं तुम्ही सगळे माझ्याबरोबर चालत होतात आणि मी घरी जाऊन तुमची नोंद करत होते.

चालताना सोहळ्याचं आठवलं. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती, माझ्या उजव्या अंगठ्याला चीर गेली होती. तिसऱ्या टाळ्यांना ती उकलली. रक्त आलं का ते बघायला मी हात थांबवून अंगठा डोळ्यांसमोर धरला. एवढंच. आपण इशारा दिला नव्हता, धैर्य केलं नव्हतं. मी माझा अंगठा बघत होते.

चौथ्यांदा थांबलो तेव्हा शेगडी बंद होती, त्यामुळे काहीच ऐकू आलं नाही. मग तू घड्याळ पाहिलंस आणि बूट उचलून निघालीस. बाकीचे तसेच उभे होते. तेव्हा मी बोलले. शब्द हे होते:

"आधी मी थांबले. आताही, आणि त्या दिवशीही. सभागृहात टाळी आधी मी थांबवली. मला विचारलं तेव्हा मी दोरसाफचं नाव दिलं."

मग मी अंगठ्याचंही सांगितलं. शुकरी म्हणाला, "अंगठा? बारा वर्षं आम्ही पोरांना सांगतोय की आम्ही सहाशे माणसांचं सभागृह बंद पाडलं, आणि अंगठा?" आणि खाली बसून हसला. मग बाकीचे. सी लमजद हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले, माझा उजवा हात घेतला आणि अंगठा उजेडात धरून पाहिला. व्रण वगैरे काही नाही. त्यांनी तो तरीही बराच वेळ पाहिला. मग हात सोडून म्हणाले, "वहीत स्वतःला धरत जा." त्यांना वहीचं माहीत होतं. ती त्या जॅकेटवाल्याने त्यांनाही दाखवली होती. तुझ्याविषयी त्यांनाही विचारलं होतं आणि ते म्हणाले होते, मी नाटक शिकवतो, मोजत नाही. त्यानंतर दोन वर्षं त्यांचा वर्ग बंद होता. आपल्याला तेव्हा सांगितलं होतं की छप्पर गळतं.

अम्म हस्सूना झाडू घेऊन वर आला. रिकाम्या फळ्यांकडे बघून म्हणाला, "सालं उचला आपापली." सगळ्यांनी वाकून उचलली. तुझीही मी उचलली.

आज सुतार फळ्या काढणार होते. तिसरी फळी मी शनिवारीच मागून, उखडून घेतली. माझ्या खोलीत दाराजवळ ठेवली आहे. तिचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

मला तुझ्याकडून काही नको. तुला ऐकू आलं की नाही, एवढंच कळव.

इश्राक

•

बाजा, २ एप्रिल २०१९

इश्राक,

ऐकू आलं. मी जिन्याच्या पाचव्या पायरीवर होते. मग बाहेर जाऊन भिंतीला टेकले आणि गाडी चुकवली. नवरीला अर्धा तास उशीर झाला, तिची आई मला म्हणाली, "तुम्ही कलाकार लोक!" बारा वर्षांत मला पहिल्यांदा कुणी कलाकार म्हटलं, आणि तेही शिवी म्हणून.

अंगठ्याचं मात्र ऐकू आलं नव्हतं. ते पत्रातच वाचलं. अगं, अंगठा! माझी नाट्यशाळा तुझ्या अंगठ्यात गेली. मी हे दुकानातल्या प्रत्येक बाईला सांगणार आहे. दोघींना सांगितलं. एक म्हणाली, असल्या मैत्रिणीचा गळा दाबावा. दुसरीने विचारलं, मग आता तिचा अंगठा बरा आहे का?

फळी वाया घालवू नकोस. दाराच्या आत टाक, पाय पडेल अशी. मी आले की टाळते का बघू.

माफीचं विचारू नकोस, विचारलं नाहीस ते बरं केलंस. ती येईल तेव्हा येईल, आपण चालत राहू.

कार्ड सोबत घातलंय. खालचा नंबर खोडलेला नाही. रविवारी दुकान बंद असतं. फोन कर. मी उचलीन, कदाचित बोलणार नाही, तूही बोलणार नाहीस, तुझं मला ठाऊक आहे. राहू दे तसंच थोडा वेळ. मग कुणीतरी बोलेलच.

आधी कोण ते लिहून ठेवू नकोस.

दोरसाफ